गाय कोणत्या टोपलीत

"गाय नि कुत्रं एकच टोपलीमा ठेवाले शिकाडस म्हने ती. शाळा शे का कोंडवाडा?"

हे कलाबाई वर्षाबाईंना बोलल्या नव्हत्या, वर्षाबाईंविषयी बोलल्या होत्या. गिरणा नगर सोसायटीत या दोन गोष्टींत एका विटेचं अंतर होतं. बिल्डरने दोन घरांत मिळून एकच भिंत दिली होती, तीही उभ्या विटेची. खिळा ठोकला तर पलीकडच्यांनी त्यावर पिशवी अडकवावी, अशी.

दुसऱ्याच्या भिंतीला कान लावू नये हे खरं. पण भिंतच येऊन कानाला लागली तर सभ्य माणसाने काय करावं? वर्षाबाई सभ्य होत्या, उठून गेल्याही असत्या. पण दहाही बोटं मैद्याच्या खळीत होती आणि मांडीवर अर्धा चिकटलेला उंट होता.

पलीकडे ऐकायला धुरपदाबाई होत्या, सोसायटीचे सेक्रेटरी भूपेंद्रभाऊ यांच्या आई. त्या "हं" म्हणाल्या. मेथी निवडता निवडता माणूस म्हणतो तसं. कलाबाईंना तेवढं पुरतं. त्यांना ऐकणारा लागतो, उत्तर लागत नाही.

वर्षाबाईंनी उंट पुठ्ठ्यावर असा दाबला की त्याच्या मदारीला सुरकुती पडली.

कोंडवाडा म्हणे. ज्या बाईने स्वतःच्या घरात गव्हाचा डबा आणि रॉकेलचा डबा शेजारीशेजारी ठेवून अख्ख्या लग्नाच्या पुऱ्या वासाच्या केल्या, तिने दुसऱ्याला वर्गीकरण शिकवावं.

हा सगळा प्रकार सुरू झाला तो शिबिरामुळे. सुरत शहरातल्या एका गुजराती संस्थेने बालवाडीच्या बायकांसाठी शिबिर घेतलं होतं. तिथल्या बेन खादीची साडी नेसून, फार हळू आवाजात म्हणाल्या होत्या की मूल आधी जोडी लावायला शिकतं, मग गट करायला शिकतं. हे आंबे, ही गाढवं, ह्या रिक्षा. आणि ज्याला गट करता आले त्याला पुढे सगळंच येतं. वर्षाबाईंना हे एकदम पटलं. त्यांच्या नवऱ्याला, काशिनाथरावांना, लग्नाला इतकी वर्षं होऊनही धुतलेले आणि न धुतलेले मोजे वेगळे काढता येत नव्हते, ते का, याचा उलगडा त्या हळू आवाजात झाला.

दिवाळीनंतर बेन वर्षाबाईंची, सोसायटीच्या हॉलमधली बालवाडी बघायला येणार होत्या. आवडली तर संस्थेची पाटी लागणार होती. आणि एकदा पाटी लागली की हॉलवर कुणी बोट ठेवू शकणार नव्हतं. बोट ठेवायला भूपेंद्रभाऊ टपलेलेच होते.

हॉल म्हणजे पाण्याच्या टाकीला टेकवून उभा केलेला पत्रा. गणपतीत तिथे गणपती बसायचा, उरलेलं वर्ष मांडवाचे बांबू आडवे व्हायचे. त्या बांबूंना कुणी कधी हरकत घेतली नव्हती. वर्षाबाईंची पोरं बसायला लागल्यापासून मात्र सेक्रेटरींना हॉलच्या भवितव्याची चिंता वाटू लागली होती.

पोरं अर्धी सोसायटीतली, अर्धी मागच्या खोल्यांतली. सोसायटीच्या कंपाउंडला लागूनच भाड्याच्या खोल्यांची ओळ होती. जालना, वाशिम, हिंगोली अशा गावांहून लूमवर, कापडाच्या मागांवर, आलेली माणसं तिथे राहत. त्यांतला किसन रातपाळी करून दिवसा झोपायचा. त्याची बायको सरस्वती घरीच साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम करायची. त्यांची स्नेहा चार वर्षांची. बोटं काडीसारखी आणि नजर चिमणीची, म्हणून टिकली उचलायला आईपेक्षा चपळ. बालवाडी सुरू व्हायच्या आधी ती दिवसभर टिकल्यांच्या परातीपाशी बसून असायची. हॉल बंद झाला की पुन्हा तिथेच बसणार. हे कळायला ज्योतिषी लागत नव्हता, आणि वर्षाबाई रोज स्नेहाचे हात बघत होत्या. अलीकडे नखातला डिंक निघून गेला होता.

भूपेंद्रभाऊही पूर्वी त्याच खोल्यांत राहिलेले. पण आता ते विचारणाऱ्याला "आमचं जुनं घर कतारगाम साइडला" असं सांगत. साइड हा शब्द फार उपकारी आहे. त्यात अर्धं सुरत मावतं.

तर चित्रं. बाजारात तयार तक्ते मिळतात, पण त्यातली सफरचंदं बघून आपल्या डिंडोली वस्तीतल्या पोराला काय कळणार? म्हणून वर्षाबाईंनी साडीच्या खोक्यांवरचे मोर कापले, बियाण्यांच्या पाकिटांवरची वांगी कापली, जुन्या कॅलेंडरांतल्या गायी, काडेपेट्यांवरचे हत्ती, अगरबत्तीच्या पुड्यांवरची कमळं कापली. काशिनाथरावांचा एक पेपर वाचायच्या आधीच कापला गेला. त्यांनी पेपरातल्या भोकातून बायकोकडे पाहिलं आणि उरलेला वाचला. समोर तीन टोपल्या ठेवल्या: प्राणी, फळंभाज्या, गाड्या. पोरांना कागद द्यायचा, त्यांनी योग्य टोपलीत टाकायचा. इतकं सोपं काम होतं, आणि म्हणूनच ते सगळ्यांना समजलं. समजलेल्या कामात माणूस सल्ला देतो.

कलाबाई दुसऱ्या दिवशी स्वतःच हॉलमध्ये आल्या. भिंतीआड जे बोलल्या ते समोर बोलताना त्याला साखर लावून आल्या.

"वर्षाताई, मी काय म्हणते, तुमचं चांगलंच आहे हो. पण गाय जनावरात? आपण वसुबारसेला तिला ओवाळतो आणि इथे पोरगा तिला डुकराच्या डोक्यावर फेकतो. बरं दिसतं का? देवांची एक टोपली वेगळी करा. त्यात काय एवढं."

त्यात काय एवढं, या तीन शब्दांनी जगाचं जितकं नुकसान केलंय तितकं पुरानेही केलं नसेल. हॉलसाठी माणसं हाताशी हवीत म्हणून वर्षाबाईंनी चौथी टोपली आणली.

गाय गेली. पोळ्याच्या नावाने बैल गेला. नागपंचमीच्या नावाने साप गेला. गणपतीमागून उंदीर गेला, मारुतीमागून माकड. पोरांना तर खेळच सापडला. भूपेंद्रभाऊंचा नितीन तोंडात बोट घालून विचार करायचा आणि म्हणायचा, "बाई, हत्ती बी देव." मोर सरस्वतीदेवीचा का कार्तिकेयाचा यावर दोन पोरं भांडली, पण टोपलीबद्दल दुमत नव्हतं. मग फळंभाज्यांना गळती लागली. श्रावणात घरोघर कानबाई बसते ती नारळाचीच, त्याला डोळे लावून, नथ घालून. तेव्हा नारळ फळांत ठेवणाऱ्याची जीभ झडेल असं एका आजीने सांगितलं. केळी पूजेची. तुळस तर काही विचारूच नका. गाड्यांत स्कूटर होती, तिला दसऱ्याला झेंडू वाहतात. झाडू कुठल्याच टोपलीत नव्हता, पण दिवाळीत त्याची पूजा होते म्हणून एका पोराने कोपऱ्यातला खराखुरा झाडू आणून टोपलीत उभा केला.

कुत्रा, डुक्कर, उंट, वांगी, रिक्षा, सगळ्यांनाच कुठला ना कुठला देव सापडला. देवांची टोपली शिगोशीग भरली. प्राण्यांच्या टोपलीत उरलं एकटं गाढव.

त्या गाढवाला वर्षाबाई थोड्या मायेनेच बघत होत्या. कुणीतरी आपल्या जागी टिकून आहे, एवढा तरी आधार होता. पण निंबा आप्पा आले. निंबा आप्पा एसटीच्या धुळे डेपोत कंट्रोलर होते, निवृत्त झाले तरी कंट्रोल सुटला नव्हता. त्यांनी कंबरेवर हात ठेवून गाढवाचं निरीक्षण केलं.

"हे चुकलं, बाई. शीतळामातेचं वाहन. गुजराती लोक सातमला, म्हणजे सप्तमीला, चूल पेटवत नाहीत ते काय उगीच? आपण त्यांच्या मुलखात राहतो. उद्या कुणी बघितलं तर?"

गाढव गेलं. प्राण्यांची टोपली रिकामी झाली, आणि गट करायला शिकवणाऱ्या जगातल्या पहिल्या बालवाडीत सगळ्या गोष्टी एकाच गटात आल्या.

"आमच्यात म्हणतात, सगळ्यात देव बघावा," काशिनाथराव रात्रीच्या भाकरीला बसताना म्हणाले. वर्षाबाईंनी त्यांच्या ताटात दुसऱ्यांदा भाजी वाढली नाही.

याच सुमारास सेक्रेटरींना कागद सुचला. हॉलमध्ये अंड्याचं चित्र आहे, जिथे बाप्पा बसतो तिथे, अशी तक्रार आली होती म्हणे. कोणी केली ते सांगता येत नाही म्हणे. अंडं काढलं. मग ते म्हणाले, विषय अंड्याचा नाहीच, परवानगीचा आहे. बालवाडीला कुठल्याशा कचेरीचा दाखला हवा.

कचेरीतला साहेब गुजराती होता आणि सभ्य होता. सभ्य माणसाकडून काम होत नाही तेव्हा जास्त वाईट वाटतं, भांडायलाही मिळत नाही. त्याच्या टेबलावर तारेचे ट्रे होते. त्याने वर्षाबाईंचा अर्ज उचलला आणि शाळेच्या ट्रेवर धरला. "स्कूल तो नथी." दवाखान्याच्या ट्रेवर धरला. नाही. अंगणवाडी सरकारी असते, ही सरकारी नाही. दुकान? वर्षाबाई म्हणाल्या, मी काही विकत नाही. धार्मिक स्थळ? इथे वर्षाबाई थोड्या घुटमळल्या, कारण हॉलमधल्या देवांच्या टोपलीकडे पाहिलं तर नाही म्हणणं अवघड होतं. शेवटी साहेबाने 'बीजुं' लिहिलेला ट्रे दाखवला, म्हणजे इतर. तो भरून वाहत होता. साहेबाने अर्ज वर ठेवला, तो घसरून खाली पडला. त्याने उचलून पुन्हा ठेवला आणि हात जोडून म्हणाला, "बेन, आवतां रहेजो." येत राहा. गावात लग्नाला बोलावल्यासारखं.

वर्षाबाई रिक्षात बसल्यावर हसल्या. एवढा शिकलेला माणूस, इतक्या टोपल्या पुढ्यात, आणि एक कागद टाकता येत नाही. स्नेहाला दिला असता तर तिने कुठेतरी नक्की टाकला असता.

दाखला नाही मिळाला, पण सोसायटीला आता दाखल्यात रस उरला नव्हता. कलाबाईंना नवीन काळजी लागली होती.

"पोरं चित्रं तोंडात घालतात हो," त्या म्हणाल्या. "एकाने चाटलेलं दुसऱ्याने धरायचं. प्लेग येऊन गेलाय आपल्याकडे, विसरून कसं चालेल? मी काय म्हणते, दोन संच करा ना चित्रांचे. एक या पोरांना, एक... त्या."

"कोणत्या त्या?" वर्षाबाईंनी विचारलं.

"आता तुम्हीच बघा कसं सोयीचं पडतं ते," कलाबाई म्हणाल्या आणि त्यांना दूध उतू जाण्याची आठवण झाली.

प्लेग. दोन वर्षांपूर्वी प्लेगच्या बातमीने सुरत पळालं तेव्हा गिरणा नगर आणि मागच्या खोल्या एकाच गाडीच्या एकाच डब्यात भुसावळकडे गेल्या होत्या. कलाबाई तेव्हा सरस्वतीच्या पिशवीवर बसून नंदुरबारपर्यंत आल्या. तेव्हा पिशवी कुणाची हे त्यांनी विचारलं नव्हतं.

वर्षाबाईंनी दोन संच केले. नाही म्हणणार होत्या, पण बेन येईपर्यंत सांभाळून घ्यावं म्हणून केले. कापताना हात दुखले, आणि हाताव्यतिरिक्त आणखी काहीतरी दुखलं, ते त्यांनी हातदुखीतच मोजलं. मग निंबा आप्पा म्हणाले, दोन संच आहेत तर एका चटईवर कशाला, हवा खेळती राहायला हवी. भूपेंद्रभाऊंनी आपल्या पैशाने एक चटई आणून दिली, आणि ती दिल्याचं आठवडाभर सगळ्यांना सांगितलं. हिरवी चटई सोसायटीची, निळी मागची. पत्र्याच्या हॉलमध्ये हवा खेळावी म्हणून पोरं वेगळी बसवणारे निंबा आप्पा पहिलेच असतील. तिथे हवा यायलाच घाबरायची.

सरस्वती दाराशी उभी राहून बघत होती. "लेकराला इथंच बसवू ना, बाई?" एवढंच म्हणाली आणि निळ्या चटईकडे बोट केलं. विचारायच्या आधी कळलेलं होतं. वर्षाबाई म्हणाल्या, "बसव." त्यांना स्वतःचा आवाज कलाबाईंसारखा वाटला.

पोरांना मात्र या व्यवस्थेचं काही सोयरसुतक नव्हतं. शाळा सुटेपर्यंत हिरव्या चटईवरची वांगी निळीवर, निळीवरचे मोर हिरवीवर, आणि नितीन दोन्ही चटयांच्या मधल्या फरशीवर पालथा. वर्षाबाई रोज संध्याकाळी चित्रं पुन्हा वेगळी करत बसायच्या. कोणता मोर कुणाचा हे ओळखायला त्यांनी मागे खुणा केल्या होत्या. एक दिवस त्या खुणा बघताना त्यांना जाणवलं की या सगळ्या प्रकारात गट करायला कोणी शिकलं असेल तर ते आपणच.

दिवाळी झाली. बेन आल्या.

सोसायटी झाडून हजर होती. भूपेंद्रभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून, निंबा आप्पा कंट्रोलरच्या पवित्र्यात, कलाबाई नवी साडी नेसून. धुरपदाबाईंना घरी ठेवायचं ठरलं होतं, पण त्या नातवाच्या मागे मागे आल्या आणि बांबूंवर बसल्या. दाराबाहेर सरस्वती आणि दोन-तीन बायका पदर सावरून उभ्या होत्या. आत या असं त्यांना कुणी म्हणालं नव्हतं, आणि जा असंही कुणी म्हणालं नव्हतं.

बेननी पोरांना चित्रं वाटली. पोरांनी एका दमात सगळी देवांच्या टोपलीत टाकली. बेन हळू आवाजात हसल्या. वर्षाबाईंनी कपाळाला हात लावला, पण बेन रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या की चित्रं राहू द्या, आता पोरांनी स्वतःचेच गट करावेत, त्यांना हवे तसे. मोडक्या हिंदीत त्यांनी पोरांना समजावलं.

मग नितीन म्हणाला, "चहा पिणारे इकडं." आणि गर्दी फुटली. चहावाले बांबूंपाशी, दूधवाले टाकीच्या भिंतीपाशी. दूधवाल्यांत दोघंच उरले, तेही रडकुंडीला आले आणि थोड्या वेळाने तिकडे पळाले. सेक्रेटरींचा मुलगा रोज डब्यातली पावडर घातलेलं दूध पितो असं आजवर सगळी सोसायटी ऐकत आली होती. तो स्नेहाच्या गळ्यात हात टाकून चहावाल्यांत पहिला उभा होता. भूपेंद्रभाऊंनी शर्टाची कॉलर नीट केली.

चटया रिकाम्या झाल्या. रिकाम्या झाल्या म्हणून दिसल्या. मधे हातभर फरशी सोडून अंथरलेल्या, एक नवी हिरवी, एक जुनी निळी.

"आ बे चटाई केम छे?" बेननी विचारलं. या दोन चटया कशाला, साधंच विचारलं. माणूस पंखा का बंद आहे असं विचारतो तसं.

"हवेसाठी," निंबा आप्पा म्हणाले.

"सफाईसाठी," भूपेंद्रभाऊ म्हणाले. दोघं एकदमच बोलले, त्यामुळे दोन्ही कारणं थोडी थोडी खोटी ऐकू आली.

"म्हणजे सोय हो," कलाबाई म्हणाल्या. "पोरांचीच सोय."

बेननी वर्षाबाईंकडे पाहिलं. वर्षाबाईंच्या ओठांवर "जागेची अडचण" असे दोन शब्द तयार होते. कचेरीत, शेजारात, नवऱ्याशी, सगळीकडे उपयोगी पडणारे दोन शब्द. त्या म्हणणार, तेवढ्यात बांबूंवरून आवाज आला.

"काय हवा नि काय सफाई लाई ठेयी रे भूपा." धुरपदाबाई बसूनच बोलल्या, पोराला जेवायला बोलवावं तशा. "मांगल्या खोल्यास्ना पोरे आपला पोरेस्जोडे बसतस, ते तुमले नको शे. तेवढं सांग नं त्या बाईले."

निंबा आप्पांचे कंबरेवरचे हात खाली आले. दाराबाहेरच्या बायकांनी सरस्वतीकडे पाहिलं. पोरं तेवढी चहात बिस्कीट कोणतं यावर बोलत होती.

बेनना अहिराणी कळली नाही. "माजी शुं कहे छे?" आजी काय म्हणतात, असं त्यांनी हसून विचारलं.

भूपेंद्रभाऊ दोन पावलं पुढे आले. त्यांचं गुजराती बाजारात कमावलेलं, गुळगुळीत होतं. "बा कहे छे के जग्या नानी पडे छे," ते म्हणाले. जागा लहान पडते. बेननी मान हलवली, समजलं अशी, आणि वहीत काही लिहायला पेन उघडलं.

सगळ्यांनी श्वास सोडला. किती स्वस्तात सुटलं होतं. आता वर्षाबाईंनी गप्प राहायचं, बस. पाटी लागणार होती, हॉल राहणार होता, स्नेहा परातीपाशी परत जाणार नव्हती. जाणार नव्हती ना? निळ्या चटईवर बसली तरी शाळेत तर येणार होती. वर्षाबाईंनी दाराकडे पाहिलं. सरस्वतीला गुजराती येत नव्हतं. पण भूपेंद्रभाऊ बोलत असताना तिने खाली फरशीकडे बघायला सुरुवात केली होती, आणि अजून वर बघितलं नव्हतं.

वर्षाबाईंचं गुजराती भाजीच्या गाडीपुरतं होतं. भाव विचारायचा, घासाघीस करायची, कोथिंबीर मागायची. त्यात हे वाक्य बसवायचं म्हणजे कठीणच. म्हणून त्यांनी ते सरळ मराठीत सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, लहान पोरांना सांगतात तसं, म्हणजे बेनना कळावं आणि बाकीच्यांना कळलं नाही असं म्हणता येऊ नये.

"नाही, बेन. त्या म्हणाल्या, मागच्या खोल्यांतली पोरं आमच्या पोरांजवळ बसलेली आम्हाला नको आहेत. म्हणून दोन चटया. अंथरल्या मी."